परतफेड होणारे दान

रक्तपिपासू वटवाघूळ मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आढळते, भारतात नाही. रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांतून वड-आंब्याला उलटी लटकणारी मोठी वाघळे फळांवर जगतात आणि त्यांचे लहान भाईबंद किड्यांवर. रक्तावर जगणाऱ्या जातीचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम भरते. तिला अन्न साठवता येत नाही आणि लागोपाठ दोन-तीन रात्री शिकार हुकली की ती मरते. उपाशी परतलेली मादी ढोलीत शेजारणीच्या अंगाशी जाते, तिची लव चाटून साफ करते, तिच्या ओठांशी तोंड नेते. आणि पोट भरलेली शेजारीण प्यालेल्या रक्तातले थोडे ओकून तिला पाजते. हे घेणारी पुढे कधीतरी देणारी होते. तेव्हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न उभा राहतो: ज्याची फेड होणार आहे, ते दान म्हणायचे की व्यवहार?

जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी या वटवाघळांची कोस्टा रिकातील निरीक्षणे १९८४ साली प्रसिद्ध केली. रक्त पाजण्याच्या ११० प्रसंगांपैकी ७७ आईने पिलाला पाजण्याचे होते. त्यात नवल नाही. नवल होते ते उरलेल्या ३३ प्रसंगांत, कारण त्यांत नात्यातल्या माद्यांबरोबर नात्यात नसलेल्या पण दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या माद्याही होत्या. पुढे जेराल्ड कार्टर आणि विल्किन्सन यांनी २०१३ साली दाखवले की कोण कोणाला पाजेल हे रक्ताच्या नात्यापेक्षा पूर्वीच्या देण्याघेण्यावरून कितीतरी अधिक अचूक सांगता येते. अनोळखी माद्या एकत्र ठेवल्या तर त्या लगेच रक्त पाजत नाहीत. आधी एकमेकींची लव साफ करतात. त्यात खर्च थोडा असतो. ओळख मुरली की मग काही जोड्या पोटातले अन्न देऊ लागतात. पनामात पावणेदोन वर्षांहून अधिक काळ बंदिस्त ठेवलेल्या माद्या रानात सोडल्यावरही त्यांच्यातले बरेच संबंध टिकून राहिले, असे २०१९ च्या अभ्यासात दिसले. तिथल्याच एका अभ्यासात पिलाची आई मेली, तेव्हा तिच्याशी रक्ताचे नाते नसलेल्या पण तिची लव नेहमी साफ करणाऱ्या मादीने ते पिलू दुधावर वाढवले. मेलेली मादी या उपकाराची फेड कशी करणार?

हा शेवटचा प्रसंग हिशेबाच्या कल्पनेला धक्का देतो. १९७१ साली रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी परस्पर उपकाराचा सिद्धांत मांडला. आज दिलेले उद्या परत मिळत असेल तर अशी वृत्ती पिढ्यान् पिढ्या टिकते, असा त्याचा आशय. पण वृत्ती का टिकली हे एक आणि देणाऱ्याच्या ठायी त्या क्षणी काय चालले हे दुसरे. या दोहोंची गल्लत करून ‘सगळा परोपकार म्हणजे लपवलेला स्वार्थ’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो चूक आहे.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या टिळकांना हा वाद चांगला परिचित होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाचा परामर्श घेताना त्यांनी इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सचे स्वार्थवादी मत तपासून नाकारले. क्रूर जनावरेही पिलांसाठी जीव धोक्यात घालतात, मग परोपकार हे स्वार्थाचेच रूप कसे, असा त्यांचा आक्षेप आहे. वटवाघळांच्या या निरीक्षणांनी त्या आक्षेपाला पिलांच्या पलीकडची जोड मिळते. मात्र टिळकांचा मुख्य सिद्धांत वेगळा आहे: कर्माची योग्यता बाहेरच्या परिणामावर नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवर ठरते. महाभारतातल्या आश्वमेधिक पर्वात युधिष्ठिराच्या यज्ञातील अफाट दानापेक्षा कुरुक्षेत्रातल्या उपाशी ब्राह्मण कुटुंबाने अतिथीला दिलेले मूठभर सातू मोठे ठरतात, ते याच कसोटीवर.

गीतेचा सतरावा अध्याय ही कसोटी स्पष्ट शब्दांत मांडतो. ज्याच्याकडून परत उपकार होण्यासारखा नाही, त्याला कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. फेडीच्या वा फळाच्या आशेने दिलेले राजस. हा निकष लावला तर वटवाघळांचे देणे या दोहोंपैकी कशातच बसत नाही. कर्तव्याची जाणीव त्यांच्यात मानता येत नाही, म्हणून ते सात्त्विक नव्हे. आणि फेडीचा संकल्पही मानता येत नाही, म्हणून राजसही नव्हे.

माणसाच्या व्यवहारातही या दोन कोटींच्या मधला मोठा प्रदेश आहे. कोकणातली सावड घ्यावी. पाऊस धरला की भाताची लावणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. एका घराच्या हातांनी ती होत नाही, म्हणून आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या, अशी घरे एकमेकांकडे राबतात. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया-माणसांना मजुरी नसते; त्या घरी जेवण असते आणि आपली पाळी येईल ही खात्री असते. यात फेडीची अपेक्षा उघड आहे. तरीही एखाद्या घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर त्याचे शेत पडीक टाकायचे नाही, हेही सावडीच्याच मनोवृत्तीत येते. अशा देण्याला केवळ राजस म्हणून खालचा दर्जा देणे अन्यायाचे होईल. सात्त्विक दान ज्या जमिनीत रुजते ती जमीन हीच आहे. ज्याने कधी घेतले-दिले नाही, त्याला न फेडणाऱ्याला देणे सुचणे कठीण.

पण या जमिनीला कुंपण असते. वटवाघूळ ओळखीच्या पलीकडे सहसा देत नाही. माणसाने तर ओळखीतही कुंपणे घातली: एकाच गावात राबणारी, जन्मभर एकमेकांना नावाने हाक मारणारी माणसे जातीमुळे एका पंगतीला बसत नसत. अन्न वाटून घेण्याचे नाते सहवासातून जुळते, हे त्या इवल्या प्राण्याच्या बाबतीत खरे ठरते. तेच नाते सहवास असूनही नाकारण्याला धर्माचा आधार सांगितला गेला, ही त्या धर्मसमजुतीतली मोठी विकृती होती. तिच्यावर रत्नागिरीतच आघात झाला. स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी तिथे सहभोजने घडवून आणली आणि भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले.