न दिसणारा नट

रात्रीचे दहा वाजून गेले होते. दारावर थाप पडली. पाहतो तो, दुपारी आमच्या गाडीचे काम केलेला मिस्त्री सायकल भिंतीला टेकवून उभा. "साहेब, डाव्या चाकाच्या टाय रॉडला पिन घातली की नाही, काही केल्या आठवेना. झोपच लागेना. बॅटरी आणली आहे, जरा बघतो." पहाटे आम्हांला बोरघाट चढून पुण्याला जायचे होते. तो गाडीखाली शिरला आणि मिनिटभरात बाहेर आला. पिन जागच्या जागी होती. "उगाच तुमची झोपमोड केली," असे ओशाळून म्हणत तो निघून गेला.

ते खरोखर उगाच होते काय? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला आहे.

चाक वळवणारा दांडा चाकाकडील सांध्याला एका नटाने जखडलेला असतो. त्या नटाला बुरुजासारख्या खाचा असतात. खाचेतून व बोल्टच्या भोकातून पिन आरपार घालून तिची टोके वाकवतात. मग धक्क्यांनी नट फिरत नाही. खाच भोकाशी जुळली नाही, तर नट किंचित पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही. हा सांधा निसटला, तर चाक चालकाचे ऐकत नाही.

आवळणे म्हणजे नुसता जोर लावणे नव्हे. आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा सूक्ष्म ताणला जातो आणि त्या ताणानेच भाग एकमेकांना धरून राहतात. पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच खर्ची पडतो. म्हणूनच आट्यांवर तेल वा गंज असला, की हाताचा अंदाज फसतो आणि मापाने जोर लावणारा टॉर्क पाना हाती घ्यावा लागतो. कमी आवळल्यास नट सुटतो. अति आवळल्यास आटे जातात. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट तर, गाडीचा भार चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळायचे असतात. गाडी जॅकवर लटकत असताना आवळल्यास रबर पिळलेले राहून लवकर फाटते. सद्‌गुण हा अतिरेक आणि उणीव यांच्या मध्ये असतो, हे ॲरिस्टॉटलचे सांगणे गॅरेजात असे रोज पटते.

आता समजा, दोन मिस्त्र्यांनी सारखीच हयगय केली. एकाचा नट सुटून रस्त्यावरचे मूल दगावले. दुसऱ्याचा सुदैवाने टिकला. जग पहिल्याला दोषी ठरवते आणि दुसऱ्याला मजुरी देते. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी हाच पेच 'नैतिक नशीब' या नावाने मांडला. मला वाटते, झालेली हानी वेगळी, म्हणून भरपाईची जबाबदारी वेगळी. परंतु दोष मात्र, काम अर्धे टाकून पाना खाली ठेवला त्या क्षणीच दोघांनाही सारखाच लागला. हे मान्य केले, तर त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. पिन जागेवर निघाली म्हणून आमच्या मिस्त्र्याची फेरी व्यर्थ ठरत नाही. त्या घटकेला त्याला जेवढे ठाऊक होते, तेवढ्यावरूनच त्याच्या कृतीचे मोल करायला हवे.

कोणी म्हणेल, प्रत्येक शंकेपाठी धावू लागलो तर संसार चालेल कसा? आक्षेप रास्त आहे. दाराच्या मुठीचा स्क्रू सकाळपर्यंत थांबू शकतो. स्टिअरिंगचा नट थांबू शकत नाही. चुकीची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागेल, यावरून शंकेचे वजन ठरते. शिवाय ज्याला आपले काम तपासता येत नाही, त्याचे आपण सर्वांत अधिक देणे लागतो. मी त्या गाडीखाली कधी वाकून पाहिलेही नसते.

वाचकहो, औषध मोजणारी परिचारिका, उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक, हिशेब लिहिणारा कारकून, प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा न दिसणारा नट येतोच.

पहाटे आम्ही निर्धास्तपणे घाट चढलो. त्या रात्री मी त्याला साधा चहाही विचारला नाही, याची मात्र मला अजून खंत वाटते.