अभाव कारण ठरू शकतो का?

जी वस्तू जागेवर नाही ती एखाद्या घटनेचे कारण होऊ शकते का, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. ब्रिटनमधल्या घरोघरच्या गॅस बॉयलरमध्ये हा प्रश्न अगदी उघड्यावर येतो. तिथे तापलेले पाणी बंद नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरते. दहा अंशांचे पाणी ऐंशीपर्यंत तापले की सुमारे तीन टक्क्यांनी फुगते; म्हणजे शंभर लिटरला जवळजवळ तीन लिटर जादा जागा लागते. ती जागा प्रसरण टाकी देते. टाकीत रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगले की वायू दबतो.

हा वायू वर्षानुवर्षे थोडाथोडा निसटत जातो. मग थंड असताना १ ते १.५ बारवर असलेला दाबमापकाचा काटा पाणी तापताच ३ बारला भिडतो, सुरक्षा झडप उघडते आणि भिंतीबाहेरच्या नळीतून पाणी वाहते. बॉयलर निवला की काटा तळाला जातो. घरमालक पुन्हा पाणी भरतो, दुसऱ्या दिवशी तेच. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायूही आत जातो आणि रेडिएटर आतून गंजू लागतात.

यात कारण कोणते? नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध (ज्याच्यावाचूनही कार्याचे अडत नाही असे) नसलेले ते कारण. कुंभाराची माती वाहणारे गाढव घटाच्या आधी असते, पण ते घटाचे कारण नव्हे. बॉयलरमधल्या ज्वालेला असे वगळता येत नाही, कारण तिच्याशिवाय दाब चढतच नाही. पण धडधाकट बॉयलरमध्येही ज्वाला असते आणि तिथे काटा ३ च्या बराच खाली थांबतो. फरक आहे तो वायू नसण्याचा.

प्राभाकर मीमांसक, म्हणजे मीमांसादर्शनातले प्रभाकराचे अनुयायी, अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानत नाहीत. घट नसलेली जमीन म्हणजे त्यांच्या लेखी नुसती जमीन. त्या न्यायाने इथे आहे ती फक्त पाण्याने भरलेली टाकी. नैयायिकांचे उत्तर अग्नी आणि मण्याच्या प्रसिद्ध उदाहरणात सापडते. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही. मीमांसक म्हणतात, अग्नीची शक्ती मावळली. नैयायिक म्हणतात, प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारण आहे. टाकीतला वायू हा दाबाचा प्रतिबंधकच आहे, त्यामुळे नैयायिकांचे उत्तर इथे नेमके बसते.

खरी अडचण वेगळी आहे. टाकीत नसलेल्या गोष्टी अगणित आहेत. मग वायूचाच अभाव का मोजायचा? कायद्याचे अभ्यासक हार्ट आणि ऑनोरे यांच्या १९५९ च्या ‘कॉझेशन इन द लॉ’ या ग्रंथातला विचार इथे उपयोगी पडतो: नेहमीच्या किंवा अपेक्षित स्थितीपासून जे ढळले, त्याला माणसे कारण म्हणतात. टाकीत साधारण ०.७५ ते १ बार दाबाचा वायू असावा अशीच तिची रचना असते. यावरून कारण हा माणसाच्या अपेक्षेचा खेळ ठरत नाही. अनेक अभावांतून एक निवडायला अपेक्षा लागते हे खरे, पण काटा कुणाच्याही अपेक्षेवाचून चढतो.

दुरुस्ती हीच या मताची व्यतिरेक-परीक्षा, म्हणजे कारण काढले की कार्यही थांबते का याची पडताळणी. टाकीच्या झडपेची पिन दाबल्यावर पाणी आले तर पडदा फाटला आहे. मग हवा भरून उपयोग नाही, टाकीच बदलावी लागते. पाणी आले नाही तर बॉयलर बंद करून निवू द्यायचा, पाण्याचा दाब शून्यावर आणायचा आणि निचऱ्याची तोटी उघडीच ठेवायची. नाहीतर पंपाच्या मापकावर वायूबरोबर पाण्याचाही दाब उमटतो. मग उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यापर्यंत हवा भरायची, तोटी बंद करून पाणी १ ते १.५ बारवर आणायचे आणि बॉयलर तापवायचा. काटा आटोक्यात राहिला तर दोष वायूच्या अभावाचाच होता.

एवढे करूनही कधीकधी दाब हळूहळू उतरत राहतो. वारंवार उघडलेल्या सुरक्षा झडपेत कचरा अडकून ती नीट मिटत नाही. घटाच्या कुंभारासारखे निमित्तकारण गेले तरी कार्य मागे उरते, हे नैयायिकांना ठाऊक होते. अशी झडप हवा भरून सुधारत नाही, ती बदलावीच लागते.