वितळल्यावरचं दान

मागच्या वैशाखातली गोष्ट. बालाघाट जिल्ह्यातलं आमचं खैरलांजी म्हणजे धानाचा मुलूख. उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की पंखासुद्धा दमल्यासारखा फिरतो. आमचा जुना फ्रीज महिनाभर कुरकुरत होता. दाराचं रबर सैल झालं होतं. दारात नोट अडकवून ओढली तर अलगद निघून यायची. वारासिवनीहून मिस्त्री बोलवायला हवा, हे कळत होतं. पण 'चालतोय ना अजून' म्हणत मी दिवस ढकलत होते. यंत्र साफ बंद पडलं की माणूस लगेच हालचाल करतो. अर्धवट चालणारं असलं की आपणच आपल्याला फसवून घेतो.

माझी भाची नवऱ्याबरोबर परदेशात शिडाच्या बोटीवर राहते. तेच त्यांचं घर. तिथला फ्रीजर बॅटरीवर आणि बॅटरी सोलरवर. दोन दिवस आभाळ राहिलं की आधी फ्रीजर रुसतो. तिनं फोनवर मला एक युक्ती सांगितली होती. वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा आणि त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं वरच राहिलं तर काळजी नाही. खाली गेलेलं दिसलं तर समजायचं, आपल्या नकळत सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं. गच्च भरलेला फ्रीजर दार उघडलं नाही तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पण रबरच सैल असेल तर तो हिशेब कुठला!

आम्ही गोंदियाला लग्नाला गेलो होतो. दोन दिवसांनी परत आलो, फ्रीजर उघडला, तर सगळं दगडासारखं घट्ट. लेक मुलांना घेऊन जूनमध्ये येणार म्हणून भरून ठेवलेले आमरसाचे ५ डबे जागच्या जागी. मात्र वाटीतलं नाणं तळाशी होतं.

थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते निजतात. एकदा ऊब मिळाली की जागे होऊन वाढतात, आणि नंतर पुन्हा बर्फ केला म्हणून झालेलं बिघडणं मागे जात नाही. हे मला ठाऊक होतं. म्हणून नातवंडांना हा रस द्यायचा नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. पण एवढा रस फेकायचा? अन्न फेकणं म्हणजे पाप, हे तर लहानपणापासून ऐकलेलं. तेवढ्यात भांड्यांना येणारी ताई आली. मी २ डबे काढून तिच्या हातात ठेवले. "पोरांना दे गं," म्हटलं. मनाला बरंही वाटलं.

ती हसली आणि म्हणाली, "तुमच्या घरी कोणी खाल्ला का जी? गोड आहे ना?"

तिला फक्त गोडीच विचारायची होती. पण माझ्या तोंडून 'हो' निघेना.

मैत्रिणींनो, मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावतो तेव्हा आपण किती जपतो! पाणी गाळतो, धान्य निवडतो. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे बोटांवर मोजतो. जरा शंका आली तर तो पदार्थ बाजूला. मग दाराशी आलेल्या बाईच्या ताटाला ही शंका का लागू होत नाही? देणारा हात तोच, अन्नही त्याच घरातलं. घेणारा बदलला की आपली मर्यादा बदलते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

कोणी म्हणेल, फेकण्यापेक्षा दिलेलं बरं. खरंय, चांगलं असेल तोवर बरंच. साठवणंही काही गुन्हा नाही. शेतकऱ्यानं धान साठवलं नाही तर पावसाळा निघायचा कसा? पण आपल्या नातवाला जे देणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकराला दिलं तर ते दान नव्हे, ती विल्हेवाट. आणि वर पुण्याचा हिशेब मांडला तर ती लबाडीही झाली. रस नासला तो माझ्या लोभानं आणि आळसानं. त्याचं नुकसान माझ्याच घरात राहायला हवं होतं.

मी डबे परत मागितले. कारणही सांगितलं. सांगताना फार लाजल्यासारखं झालं. ती म्हणाली, "मग पुरून टाका ना जी. त्यात काय एवढं." परसात खड्डा करून पाचही डबे त्यात रिकामे केले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, रबर बदललं, स्टॅबिलायझर लागला. अर्ध्या तासाचं काम होतं, मी महिनाभर टाळलेलं.

यंदाही लेक येणार आहे. यंदाही रस केला. पण डबे भरायच्या आधी, रस ताजा असतानाच, एक वाटी मी चाखली आणि एक डबा ताईकडे दिला. "गोड आहे," मी तिला न विचारताच सांगितलं.