समुद्राचा सातबारा

गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांना आजही भरतीचं पाणी लागतं. बहारीनची राजधानी मनामा इथेही असंच एक समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं दार आहे, बाब अल बहारीन. 1940 च्या दशकात ते बांधलं गेलं. आराखडा बहारीनच्या शासकांचे ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांचा. तेव्हा धक्का समोरच होता. उथळ समुद्रामुळे मोठी जहाजं लांब नांगर टाकत, माल आणि माणसं लहान होड्यांतून किनाऱ्यावर येत आणि या दारातून थेट बाजारात शिरत. आज दारासमोर उभं राहिलं तर आधी चौक दिसतो, मग किंग फैसल हायवेची वाहतूक, तिच्यापलीकडे फायनान्शिअल हार्बरचे काचेचे मनोरे. पाणी दिसत नाही. दार हललेलं नाही, समुद्र हलवला गेला आहे.

नद्या पात्र बदलतात, किनारे झिजतात, बंदरं गाळाने भरतात, आणि शहरं त्यांच्या मागे किंवा त्यांना सोडून जातात. आपलं कोकणातलं चौल बंदर असंच मागे पडलं. मनामात घडलं ते निसर्गाने केलेलं नाही. देशाचं क्षेत्रफळ साठ-सत्तर वर्षांपूर्वी सातशे चौरस किलोमीटरच्या आत होतं, ते आता 780 च्या वर गेलं आहे. मधली वाढ कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत पसरलेल्या अख्ख्या मुंबई बेटाहून मोठी आहे. ही सगळी जमीन समुद्राच्या तळाची वाळू उपसून, ती काठावर ओतून तयार झाली. डिप्लोमॅटिक एरिया, सीफ, बहारीन बे, अमवाज बेटं, दक्षिण टोकाला दुर्रत अल बहारीन, ईशान्येला दियार अल मुहर्रक, उत्तरेला सलमान सिटी. नकाशाच्या दर नव्या आवृत्तीत किनारा वेगळा.

मुंबईकराला यात नवल वाटू नये. सात बेटांमधली खाडी बुजवूनच आपलं शहर झालं. 1780 च्या दशकात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळी आणि महालक्ष्मीमधलं समुद्राचं तोंड बंद केलं, 1920 च्या दशकात बॅकबेचा भराव सुरू झाला. भराव हे पाप नव्हे, तसं मानलं तर आपल्यातल्या निम्म्यांना गिरगाव-मरीन लाइन्सचा पत्ता सोडावा लागेल. माझा प्रश्न वेगळा आहे. समुद्राचा सातबारा नसतो. तिथे कोळी जाळं टाकतो, पोरं डुंबतात, संध्याकाळी माणसं वाऱ्याला येऊन बसतात, आणि कोणाला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच पाण्यावर वाळू पडली की तिथे जमीन होते, आणि जमीन झाली की तिचा उतारा निघतो, उताऱ्यावर नाव चढतं. कालपर्यंत सगळ्यांचं असलेलं आज कोणा एकाचं होण्याचा हा क्षण शहराच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि तो सर्वांत कमी नोंदला जातो. इमारतीच्या कोनशिलेवर तारीख असते. पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या नावावर झालं, याची कोनशिला कुठेच नसते.

बहारीनमध्ये हा प्रश्न फार टोकदार होतो, कारण या बेटांचं सगळं आयुष्य पाण्याच्या कडेने रचलेलं होतं. वाळवंटी मुलखात इथे गोडं पाणी उसळून वर येत असे. उत्तरेच्या पट्ट्यात झरे होते, त्यांच्या भोवती खजुराच्या बागा, बागांना धरून गावं. समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढायला गेलेले पाणबुडे खाऱ्या पाण्यात बुडी मारून पखाली गोड्या पाण्याने भरून वर आणत. सुमेरियन कथेत एन्की देव दिल्मुनला गोडं पाणी देतो, आणि दिल्मुन म्हणजे हीच भूमी असं बहुतेक अभ्यासक मानतात. अशा कथेचा उगम शोधायला फार दूर जावं लागत नाही.

त्या दिल्मुनचं शहर आजही पाहता येतं. उत्तर किनाऱ्यावर कलात अल बहारीन नावाचं सुमारे साडेसतरा हेक्टरांचं टेकाड आहे. 1950 च्या दशकात डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी ते खणायला घेतलं, 2005 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. वर पोर्तुगीज काळापर्यंत वापरात राहिलेला किल्ला आहे, पण खरं महत्त्व खालच्या थरांना आहे. ख्रिस्तपूर्व 2300 च्या आसपासपासून माणसं इथे राहत आली. घर पडलं की त्याच्या मातीवर दुसरं, त्याची राख आणि खापरं यांवर तिसरं. हे टेकाड निसर्गाने दिलेलं नाही, ते राहून राहून तयार झालेलं आहे. सिंधू संस्कृतीची वजनं इथल्या थरांत सापडली, आणि इथल्या धाटणीची मुद्रा आपल्या लोथलला. म्हणजे माणसाने बनवलेली जमीन बहारीनला नवी नाही. चार हजार वर्षांपूर्वीही शहर स्वतःची जमीन स्वतःच घडवत होतं. फरक इतकाच की ती जमीन वस्तीनंतर आली. आधी माणसं राहिली, मग त्यांच्या राहण्यातून उंची वाढली. सीफमध्ये किंवा अमवाजमध्ये क्रम उलटा आहे: आधी नकाशा, मग वाळू, मग प्लॉट, मग जाहिरात, आणि सर्वांत शेवटी माणूस. हा उलटा क्रम मला या सगळ्या प्रकरणाचं मूळ वाटतो.

मधल्या काळातलं शहर कसं होतं, हे मनामाशेजारच्या बेटावरच्या मुहर्रकमध्ये समजतं. 1783 मध्ये अल खलिफा घराणं बहारीनवर आलं, आणि पुढे सत्तेचं केंद्र बराच काळ मनामा नव्हतं, मुहर्रक होतं. मनामा हे व्यापाऱ्यांचं, परदेशी माणसांचं बंदर होतं. 1919 मध्ये तिथे नगरपालिका आली, आखाती प्रदेशातल्या पहिल्या नगरपालिकांपैकी एक. 1923 मध्ये ब्रिटिशांनी तेव्हाचे शासक शेख ईसा बिन अली यांना कारभारातून बाजूला केलं आणि कारभाराचं वजन मनामाकडे सरकलं. तोवर मुहर्रक मोत्यांवर जगत होतं. उन्हाळ्याचे महिने गलबतं शिंपल्यांच्या थरांवर जात. नाखवा, बुडी मारणारे आणि दोर ओढून त्यांना वर घेणारे, सगळे कर्जाच्या साखळीत बांधलेले. त्या साखळीचं दुसरं टोक मुंबईत होतं. आखातातला मोती मुंबईच्या बाजारात पारखला, विंधला, विकला जाई. बहारीनमध्ये 1965 पर्यंत व्यवहार रुपयातच होत होता, तो असा उगाच नाही.

मुहर्रकमधल्या अरुंद गल्ल्यांतून फिरताना लक्षात येतं की हे शहर कोणी कागदावर आखलेलं नाही, तरी त्याला शिस्त आहे. गल्ली वळते ती सावलीसाठी आणि घराच्या आतल्या चौकाकडे बाहेरची नजर जाऊ नये म्हणून. शेख ईसा बिन अली यांच्या घराचा वारा पकडणारा मनोरा वरची झुळूक खालच्या खोलीत उतरवतो. व्यापाऱ्याचं घर, मशीद, गोदाम, बैठकीची जागा आणि होडी लागण्याचा किनारा यांच्यातलं अंतर चालत जाण्याइतकं. समुद्र हा या शहराचा सर्वांत मोठा रस्ता होता. मनामाला जायलाही होडीच लागे, पूल झाला तो 1942 मध्ये. जपानी संवर्धित मोती आणि 1929 ची मंदी यांनी हा धंदा मोडला, पण गल्ल्या राहिल्या. 2012 मध्ये मोत्यांच्या या अर्थव्यवस्थेच्या खुणा जागतिक वारसा ठरल्या: मुहर्रकमधल्या 17 इमारती, समुद्रातले शिंपल्यांचे तीन थर, आणि बू माहिर किल्ल्याजवळचा किनाऱ्याचा एक तुकडा, जिथून गलबतं निघत. मुहर्रकच्या या पुनरुज्जीवनाला 2019 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्या यादीतली एक गोष्ट मनात राहते. किनाऱ्याचा तुकडा जपण्यासाठी जागतिक वारसा यादी लागावी, इतका किनारा दुर्मिळ झाला आहे.

1932 मध्ये जबल अल दुखानजवळ तेल लागलं. तेल कंपनीने आपल्या माणसांसाठी अवाली नावाचं आखीव गाव वसवलं. 1960 च्या दशकात ईसा टाउन उभं राहिलं, 1980 च्या दशकात हमद टाउन. हमद टाउनची जागा दिल्मुनकाळच्या कबरींच्या टेकाडांची होती. बरीच टेकाडं घाईघाईने उत्खनन करून सपाट झाली. उरलेल्यांपैकी 11,774 टेकाडं 2019 मध्ये वारसा यादीत आली. जुन्या मनामातली बहारीनी कुटुंबं या नव्या वसाहतींकडे निघून गेली, आणि त्यांच्या रिकाम्या घरांत बाहेरून आलेले कामगार भरले. 1941 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 90 हजार होती. 2020 मध्ये ती 15 लाख, आणि त्यातले निम्म्याहून अधिक परदेशी. सिंधमधल्या ठठ्ठ्याहून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी बांधलेलं श्रीनाथजीचं मंदिर त्याच जुन्या बाजारात आहे, दोनशे वर्षांहून जुनं मानलं जातं. नंतर आलेल्या मराठी कुटुंबांचा पत्ता मात्र इमारत, रोड आणि ब्लॉक अशा तीन आकड्यांचा. परदेशी माणसाला घर विकत घेता येतं ते ठरावीक भागांत, आणि त्यातले बरेच भाग भरावाचे आहेत. दादरहून किंवा पुण्याहून आलेल्या इंजिनियरला बहारीनमध्ये मालकीची जागा मिळालीच, तर ती बहुधा अशा ठिकाणी मिळते जिथे आधी कोणीच राहत नव्हतं, फक्त मासे होते. अशा जागेवर शेजारधर्म वाढायला वेळ लागतो. तिथे आजोबांच्या आठवणीतली गल्ली कोणाचीच नसते.

बहारीनला भराव परवडला, त्याची कारणं सरळ आहेत. भोवतालचा समुद्र उथळ. जुनी जमीन वारसाहक्काने, वक्फने, बागांच्या हद्दींनी तुकड्यातुकड्यांत वाटलेली, तिथे रुंद रस्ता काढायचा तर शंभर जणांशी बोलावं लागतं. पाण्याशी बोलावं लागत नाही. पण पाण्याच्या वतीने बोलणारी माणसं होतीच. किनाऱ्यालगत खजुराच्या फांद्यांच्या कुंपणाने बांधलेले माशांचे सापळे असत, त्यांना हद्रा म्हणतात. भरतीत मासा आत येतो, ओहोटीत अडकतो. सापळा चालतो तो फक्त उथळ काठावर, आणि भराव सर्वांत आधी पडतो तोही तिथेच. तुबलीची खाडी माशांची, कोळंबीची, पक्ष्यांची. 1997 मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, तरी तिचा मोठा भाग भरावाने आणि गाळाने गिळला. आणि झरे? अधारीचा प्रसिद्ध झरा भूजलाच्या बेसुमार उपशाने आटला. त्याच्याबद्दल बहारीनमध्ये म्हण आहे: अधारी लांबच्याला पाणी पाजतो आणि जवळच्याला तहानलेला ठेवतो. कालव्यातून दूरच्या बागांना जाणाऱ्या पाण्यावरून ती पडली असावी. समुद्राच्या काठावर जन्मून समुद्र पाहण्यासाठी गाडी काढावी लागणाऱ्या गावकऱ्यांना ती आज वेगळ्या अर्थाने लागू पडते.

ही बोच बहारीनने स्वतःच जगासमोर मांडली, याचं मला मनापासून कौतुक आहे. 2010 मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत बहारीन पहिल्यांदा सहभागी झाला. तिथे त्यांनी मनोऱ्यांच्या प्रतिकृती नेल्या नाहीत. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या तीन खोपट्या उचलून नेल्या, जुनी दारं, पत्रे आणि फळ्या जोडून केलेल्या, आणि सोबत त्या माणसांच्या मुलाखती, समुद्र लांब गेल्याबद्दलच्या. त्या दालनाला सर्वोत्तम राष्ट्रीय सहभागाचा गोल्डन लायन मिळाला. ज्या देशाकडे एवढं पारदर्शक आत्मपरीक्षण आहे, तिथे किनारा परत मागण्याला अर्थ आहे.

मागायचं तरी काय? भराव थांबवणं बहुधा शक्य नाही. पण काठ कोणाचा, हे वाळू पडण्याआधी ठरवता येतं. मुंबईत बॅकबेची योजना खर्चाच्या आणि दिरंगाईच्या वादात बुडाली, काँग्रेसचे नेते आणि वकील नरिमन यांनी तिचे वाभाडे काढले, पण तिच्यातून जन्मलेल्या मरीन ड्राइव्हचा कठडा कोणाच्याही मालकीचा झाला नाही. मागच्या इमारती खाजगी, काठ सगळ्यांचा. मुंबईच्याच कोस्टल रोडच्या पर्यावरण परवानगीत भरावाच्या जमिनीवर घरं-दुकानं नकोत, अशी अट घालावी लागली, आणि वरळीच्या कोळ्यांनी भांडून होड्यांसाठी पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करून घेतलं. अटी आपोआप येत नाहीत.

2021 च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या वेळी बहारीनने 2035 पर्यंत खारफुटी चौपट करण्याचं वचन दिलं आहे, आणि तुबलीच्या खाडीतलं रास सनद हे तिच्या थोड्या उरलेल्या ठिकाणांपैकी एक. खारफुटीही जमीनच बनवते. मुळांमध्ये गाळ धरते, भरतीगणिक थोडा थोडा, कोणाच्या आराखड्याशिवाय. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सरकारी जमिनीवरच्या खारफुटीला वनाचा दर्जा मिळू लागला, आणि ठाणे-नवी मुंबईच्या कितीतरी खाजणांच्या सातबाऱ्यावर आता कोणा व्यक्तीचं नाव नाही, राखीव वन एवढीच नोंद आहे. तुबलीच्या चिखलाला अशी एक नोंद बहारीनच्या दफ्तरात मिळावी.