अमोर्गोसची संथ बोट

थोडं स्वस्थ बसा. खांदे सैल सोडा. श्वास आपला आपण येऊ-जाऊ द्या.

आता मनासमोर एक बेट आणा. एजियन समुद्रात, सिक्लाडीस बेटांच्या अगदी पूर्वेला, लांबट आणि डोंगराळ असं अमोर्गोस. वस्ती जेमतेम दोन हजारांच्या आसपास. इथे विमानतळ नाही. तिथली शांतता बरीचशी त्यामुळेच टिकली आहे, असं मला मनापासून वाटतं.

जायचं कसं? घाईची वाट आहेच. अथेन्सहून विमानाने नाक्सोस किंवा सांतोरिनी गाठायचं आणि पुढे बोट धरायची. उन्हाळ्यात अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीही सुटतात. पण त्यांत बहुतेक वेळ काचेआड बसावं लागतं. समुद्र दिसतो, अंगाला लागत नाही.

म्हणून पिरेयसची मोठी, संथ बोट निवडा. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट तिथवर जाते. वरच्या डेकवर उघड्यातली जागा धरा, मोबाईल पिशवीत ठेवा. इंजिनाची थरथर तळव्यांना जाणवू द्या. प्रवास सात-आठ तासांचा, कधी त्याहून जास्त. पारोस येतं, नाक्सोस येतं. मागचं लोखंडी दार धक्क्यावर टेकतं. ट्रक, स्कूटर, बॅगा ओढणारी माणसं उतरतात. दार वर जातं, बोट पुन्हा निघते. प्रत्येक थांब्यावर गर्दी विरळ होते. तुम्ही बसून राहा. त्या विरळ होण्याकडे नुसतं पाहत राहा.

मन असेल तर नाक्सोसला उतरा आणि स्कोपेलितिस ही छोटी बोट घ्या. इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा अशा चिमुकल्या बेटांना धरत ती अमोर्गोसला जाते. पर्यटक नसतात तेव्हाही ती तिथल्या माणसांसाठी धावते. भाजी, औषधं, पाहुणे, सगळं तिच्यावर. कुणी तरी धक्क्यावर तिची वाट पाहत उभं आहे. क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहा.

आणि वारा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. तो फार चढला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. त्या दिवशी जाणं नाहीच. ते ‘नाही’ ऐकताना छातीत काय आवळतं, ते पाहा. मग हळूच सोडून द्या.

बेटावर कातापोला आणि एयियाली अशी दोन बंदरं आहेत. आपली बोट कुठे लागते ते तिकिटावर वाचून ठेवा. कड्याला बिलगलेला होझोविओतिसा हा पांढरा मठ पाहायला पायऱ्या चढाव्या लागतात. 1088 साली बायझंटाईन सम्राट अलेक्सियोस कोम्निनोसने त्याला राजाश्रय दिला, असं सांगतात. तिथे गुडघे झाकणारे कपडे घालून जा.

वाऱ्याने बोट अडू शकते, म्हणून परतीचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच दिवशी बेट सोडायचं ठरवू नका. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.