घासण्याने काय उजळते?

जग्वार कंपनीने 1948 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या एक्सके 120 या गाडीच्या इंजिनावरील ॲल्युमिनियमची दोन कॅम कव्हरे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दंडांवरील लांबट झाकणे, कारखान्यातूनच चकचकीत होऊन येत असत. आज अशी गाडी घरी दुरुस्त करणारा हौशी माणूस ती काळवंडलेली झाकणे उतरवून 400 पासून 1200 क्रमांकापर्यंतच्या वॉटर पेपरने घासतो, मग पॉलिश लावलेल्या कापडी बफवर धरतो आणि धातूची मूळची चमक परत आली असे मानतो. ती चमक मूळची होती काय, हा प्रश्न केवळ गॅरेजातला नाही.

ब्रह्मसूत्रांतील चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी तो हाताळला आहे. संस्कार दोन प्रकारचा: गुणाधान, म्हणजे वस्तूत नसलेला गुण आणणे, आणि दोषापनयन, म्हणजे असलेला मळ काढणे. मोक्ष यांपैकी कशानेही घडत नाही, असे ते म्हणतात, तेव्हा पूर्वपक्षी, म्हणजे ज्याचे मत खोडायचे तो, विचारतो की घासल्याने आरशाचे तेज प्रकटते तसे आत्म्याचे झाकलेले स्वरूप क्रियेने का प्रकटू नये. (आरसा धातूचा होता, हे लक्षात घेतले की दाखल्यातली कारागिरी कळते.) उत्तर असे की क्रिया आपल्या आश्रयात, म्हणजे ती ज्यात घडते त्या वस्तूत, विकार म्हणजे बदल घडवल्यावाचून होतच नाही, आणि विकार पावणारा आत्मा अनित्य ठरेल.

ॲल्युमिनियम या उत्तराच्या बाजूने साक्ष देते. ओतीव झाकण साच्यातून खडबडीतच निघते; घासण्याने त्याचे सूक्ष्म उंचवटे कापले जातात, प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परततो, आणि प्रत्येक पॉलिशबरोबर थोडा धातू कायमचा जातो. शिवाय उघड्या पडलेल्या धातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पारदर्शक पापुद्रा लगेच धरतो, त्यामुळे आवरण दूर सारून निखळ धातू पाहिल्याचा समजही टिकत नाही. म्हणजे पूर्वपक्षी ज्याच्या बळावर वाद घालतो, तो दाखलाच त्याच्यावर उलटतो. कर्माने चित्त शुद्ध होते हे आचार्यांनाही मान्य आहे, पण चित्त विकारी आहे म्हणूनच.

जग्वारच्याच नंतरच्या ई-टाइप गाडीच्या दुसऱ्या मालिकेत हीच झाकणे पन्हळीदार आणि काळ्या रंगाची आली. तीही घासून चकचकीत करणाऱ्याने खुशाल करावीत, मात्र त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.