आधार कधी काढावा?

शस्त्रक्रिया नीट पार पडली असे कळताच आपण देवाचे आभार मानतो. पण आपला माणूस अजून अतिदक्षता विभागात असतो. घशात श्वासाची नळी असते आणि रक्तातला ऑक्सिजन मनासारखा वाढत नसतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या आपल्यात मग दोन मते पडतात. एक म्हणतो, "किती हाल त्या जिवाचे! काढा ती नळी." दुसरा म्हणतो, "काढली आणि काही झाले तर?" दोघांचेही प्रेम खरे असते. मग बरोबर कोण?

डॉक्टरांपुढेही हाच पेच असतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर भुलीचा अंमल व वेदना यांमुळे श्वास उथळ होतो, फुप्फुसाचा काही भाग मिटून राहतो आणि ऑक्सिजन कमी पडतो. नळी घाईने काढली तर ती पुन्हा घालावी लागते व जिवाचा धोका वाढतो. उगाच ठेवली तर न्यूमोनियाची भीती असते, श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. म्हणून यंत्राचा आधार कमी करून अर्धा ते दोन तास रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देतात. तो शुद्धीवर आहे का, कफ खोकून काढू शकतो का, हेही पाहतात. इतके करूनही शंभरातील दहा ते वीस जणांना नळी पुन्हा लागते. अशा प्रत्येक वेळी डॉक्टरांना दोष देणे न्यायाचे नाही.

शिवाय, नळी काढणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर श्वास कमी पडू लागलेल्या २९३ रुग्णांचा फ्रान्समधील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नुसता ऑक्सिजन दिलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना सात दिवसांत नळी घालावी लागली. मास्कमधून दाबाने हवा दिलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. आधार काढल्यावरही सोबत करता येते, ती अशी.

पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे श्वासयंत्राविषयी भाषण केले. त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णांचा होता. पण त्यांनी सांगितलेले एक तत्त्व आपल्यालाही लागू पडते. बेशुद्ध प्रौढ रुग्णाच्या बाबतीत कुटुंबाचे हक्क व कर्तव्ये सामान्यतः त्या रुग्णाची इच्छा काय असती, यावर अवलंबून असतात.

म्हणजे आपली भीती, आपला थकवा, वाढते बिल यांवरून नळीची वेळ ठरू नये. बिलाची चिंता खोटी नसते. ती डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावी. पण "आज काढाच" किंवा "काढूच नका" असा हट्ट धरण्याऐवजी आपण विचारावे, "डॉक्टर, त्याची तयारी कितपत झाली आहे? नळी काढल्यावर त्रास झाला तर काय करणार?"

खऱ्या मदतीचा हेतू दुसऱ्याला त्याच्या बळावर उभे करणे हा असतो. त्याचे बळ येईपर्यंत थांबणे आणि आल्यावर हात सैल करणे, दोन्ही प्रेमच आहे. त्यासाठी लागणारा धीर आपण देवाकडे मागू या.